पत्नीची मुले युरोपात नेताना : सिंधुदुर्गातील एका कुटुंबाचे प्रकरण

या प्रकरणातील व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. कायदा, वयाच्या मर्यादा आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

पती मूळचे गोव्यातील बार्देश तालुक्याचे. त्यांच्या वडिलांचा जन्म १९६१ पूर्वीच्या गोव्यातला. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली, तरी त्या तारखेपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलांचा नागरिकत्वाचा दावा पोर्तुगालचा कायदा पुढेही मान्य करत आला आहे. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात आधी वडिलांच्या आणि मग स्वतःच्या जन्माची नोंद करून पतींनी पोर्तुगीज पासपोर्ट काढला. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने भारतीय पासपोर्ट परत करून ते ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक झाले. बार्देश आणि सासष्टीतील शेकडो घरांनी चोखाळलेली ही वाट होती आणि तिच्यावरूनच ते २०१४ मध्ये इंग्लंडमधील स्विंडन येथे गोदामातील नोकरीवर रुजू झाले. ब्रेक्झिटनंतर त्यांना तेथे कायम राहण्याचा दर्जा, म्हणजे ‘सेटल्ड स्टेटस’, मिळाला.

पत्नी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील. पहिल्या विवाहातून त्यांना मुलगी आणि मुलगा अशी दोन अपत्ये. २०१७ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब अन्वये सहसंमतीने घटस्फोट झाला. हुकूमनाम्यात मुलांविषयी एवढेच होते की ताबा आईकडे राहील आणि वडिलांना भेटीचा हक्क राहील. मुलांना परदेशी नेण्याबाबत त्यात अवाक्षर नव्हते. पती-पत्नींची ओळख २०२१ मध्ये झाली आणि २०२३ च्या आरंभी त्यांनी विशेष विवाह कायदा, १९५४ खाली, तीस दिवसांची नोटीस देऊन, सिंधुदुर्गातच विवाह केला. त्यानंतर पती स्विंडनला परतले. पत्नी आणि मुले माहेरच्या घरी राहिली. मुलगी तेव्हा बारावीत होती आणि मुलगा सातवीत.

समस्या

२०२३ च्या अखेरीस कुटुंबाने आमच्याकडे सल्ला मागितला तेव्हा प्रश्न साधा वाटत होता : चौघांना एका छपराखाली राहायचे आहे, तर कोणता व्हिसा मागावा? पहिल्याच बैठकीत दिसून आले की प्रश्न व्हिसाच्या प्रकारापुरता नाही. कोणत्या देशाचा कायदा कोणाला ‘मूल’ मानतो, यावर सगळे अवलंबून होते. मुलीने ऑगस्ट २०२३ मध्ये अठरा वर्षे पूर्ण केली होती आणि मुलगा तेरा वर्षांचा होता. एका कायद्याच्या दृष्टीने घरात एकच मूल होते, दुसऱ्याच्या दृष्टीने दोन.

त्यातच ४ डिसेंबर २०२३ रोजी ब्रिटिश सरकारने जोडीदाराच्या व्हिसासाठी लागणारी किमान उत्पन्नाची मर्यादा वाढवण्याची घोषणा केली. पतींचे वार्षिक उत्पन्न तेवीस-चोवीस हजार पौंडांच्या घरात होते. ओव्हरटाइम धरूनही नवी मर्यादा त्यांच्या आवाक्याबाहेर जाणार होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय इंग्लंडचा, कारण पतींची नोकरी, मित्र आणि चर्च सगळे तिथेच. युरोपीय नागरिकांसाठी ब्रेक्झिटमुळे जी योजना आली, तिच्यात नंतर येणाऱ्या जोडीदारालाही जागा आहे, पण नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असले पाहिजे. यांची ओळखच २०२१ ची. ती वाट तिथेच बंद झाली आणि उरला ब्रिटनचा सर्वसाधारण कौटुंबिक व्हिसा. जुन्या नियमांनुसार जोडीदारासाठी १८,६०० पौंड आणि पहिल्या मुलासाठी आणखी ३,८०० पौंड, म्हणजे एकूण २२,४०० पौंडांचे उत्पन्न दाखवणे आवश्यक होते आणि तेवढे पतींकडे होते. ११ एप्रिल २०२४ पासून मर्यादा २९,००० पौंड होणार होती. त्यापूर्वी अर्ज केला असता तर पत्नी आणि मुलगा यांना व्हिसा मिळण्यास अडचण नव्हती. खर्च मात्र मोठा होता : प्रत्येकी १,८४६ पौंड शुल्क, त्यावर तीन वर्षांचा आरोग्य अधिभार, जो ६ फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ आणि मुलांसाठी ७७६ पौंड झाला. दोघांचे मिळून नऊ हजार पौंडांहून अधिक.

खरी अडचण पैशांची नव्हती. अर्जाच्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेले अपत्य या मार्गाने येऊ शकत नाही. मुलीला आजीपाशी ठेवून बाकीच्यांनी निघायचे, असाच या पर्यायाचा अर्थ होता. एप्रिलची मुदत जवळ आल्याने घरात घाई सुरू झाली होती आणि ‘आधी दोघे जाऊ द्या, थोरलीचे नंतर बघू’ हे वाक्य एकाहून अधिक नातेवाइकांनी उच्चारले. या प्रकारच्या प्रकरणांत ‘नंतर बघू’ म्हणजे बहुधा ‘कधीच नाही’ असते, कारण वय मागे सरकत नाही. म्हणून हा पर्याय कागदावर नीट मांडून, मुलीला समोर बसवून, मगच बाजूला ठेवावा असा आग्रह धरला.

दुसरा पर्याय युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या कायद्याचा. निर्देश २००४/३८/ईसी, दिनांक २९ एप्रिल २००४, हा त्याचा पाया. युरोपीय संघाचा नागरिक स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला की त्याचे कुटुंबीय, त्यांचे राष्ट्रीयत्व कोणतेही असो, त्याच्याबरोबर राहू शकतात. कुटुंबीय कोण, हे कलम २ सांगते : पती किंवा पत्नी, एकवीस वर्षांखालील अपत्ये किंवा अवलंबून असलेली मोठी अपत्ये, आणि जोडीदाराचीही अशीच अपत्ये. या प्रकरणाचा सगळा भार त्या शेवटच्या शब्दसमूहावर होता. पत्नीची मुले पतीची व्हावी लागत नाहीत, त्यांना दत्तक घ्यावे लागत नाही. ती पत्नीची आहेत, एवढे पुरे. मुलीचे वय एकवीसच्या आत असल्याने ती अवलंबून आहे हेही सिद्ध करायचे नव्हते.

हा निर्देश पोर्तुगीज नागरिकाला पोर्तुगालमध्ये थेट लागू होत नाही. तेथे पोर्तुगालचा स्वतःचा कायदा चालतो. पतींना पोर्तुगीज भाषा जुजबीच येत होती आणि त्यांच्या कामाला तेथे मिळणारे वेतन बरेच कमी होते. जर्मनी आणि नेदरलँड्सचा विचार झाला, परंतु मुलगा आठवी-नववीच्या वयात नव्या भाषेत पडेल ही भीती पत्नींना वाटत होती आणि ती रास्त होती. राहिला आयर्लंड : इंग्रजी भाषा, युरोपीय संघाचे सदस्यत्व आणि स्विंडनमधील दोन गोवेकर कुटुंबे तेथे आधीच स्थिरावलेली.

पत्नी कधीच युरोपात राहिलेल्या नव्हत्या, मग हा कायदा त्यांना लागू होईल का, अशी शंका एका सल्लागाराने काढली होती. ती शंका २००८ पूर्वी योग्य ठरली असती. आयर्लंडचा नियम तेव्हा खरोखरच तसा होता. बाहेरच्या देशातील जोडीदाराने आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर वास्तव्य केलेले असावे, असे तो सांगे. २५ जुलै २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने मेटॉक खटल्यात, सी-१२७/०८, तो नियम निर्देशाशी विसंगत ठरवला. म्हणजे ज्या देशात हे कुटुंब जाणार होते, त्याच देशाविरुद्धच्या निकालाने त्यांचा रस्ता मोकळा केलेला होता.

दोन सल्ले नाकारले, त्यांचाही उल्लेख आवश्यक आहे. एका एजंटाने सांगितले की पतींनी मुलांना दत्तक घ्यावे. पती ख्रिस्ती असल्याने हिंदू दत्तक कायदा त्यांना उपयोगाचा नव्हता, बाल न्याय कायद्याखालील प्रक्रियेला जन्मदात्या वडिलांची संमती लागली असती आणि मुलांचे वडिलांशी असलेले कायदेशीर नातेच त्यात संपले असते. ज्या गोष्टीची गरज नाही तिच्यासाठी एवढी मोठी किंमत देण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्याने सुचवले की तिघांनी पर्यटक व्हिसावर जावे आणि तेथे पोहोचल्यावर अर्ज करावा. ज्याला कायमचे राहायचे आहे त्याने अर्जात पर्यटनाचे कारण लिहिणे ही खोटी माहिती ठरते आणि ती उघड झाली तर पुढचा प्रत्येक अर्ज संशयाने वाचला जातो. सरळ मार्ग उपलब्ध असताना आडवाट धरण्याचे कारण नव्हते.

पहिला निर्णय : देश बदलणे

पतींसाठी हा निर्णय सोपा नव्हता. दहा वर्षांची जमलेली घडी मोडून वयाच्या चाळिशीनंतर पुन्हा भाड्याचे घर आणि नवी नोकरी शोधायची होती, तीही आयर्लंडमध्ये, जेथे घर मिळणे नोकरी मिळण्यापेक्षा अवघड. दोन गोष्टींनी पारडे झुकले. ब्रिटनमधील सेटल्ड स्टेटस सलग पाच वर्षे बाहेर राहिल्यावरच जाते, त्यामुळे प्रयोग फसला तर परतीचा रस्ता उघडा होता. आणि आयर्लंडमध्ये पती कामगार या नात्याने राहणार असल्याने उत्पन्नाची कोणतीही ठरावीक किमान रक्कम दाखवावी लागणार नव्हती. काम खरे आणि परिणामकारक असावे, नाममात्र नसावे, एवढीच कसोटी आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत पती डब्लिनच्या पश्चिमेकडील एका गावात गेले. पहिले तीन महिने केवळ पासपोर्टच्या आधारे राहता येते. त्यानंतर नोकरी, स्वयंरोजगार, शिक्षण किंवा पुरेशी साधने यांपैकी काही असावे लागते. नोकरी लवकर मिळाली. घराला वेळ लागला, आणि घर मिळाल्यावरही चार माणसे राहण्यास हरकत नाही, असे घरमालकाचे पत्र त्यांनी मागून घेतले. त्या पत्राचा पुढे चांगला उपयोग झाला.

दुसरा निर्णय : मुलाच्या वडिलांची संमती

निर्देशाच्या व्याख्येत ताब्याचा उल्लेख नाही. तरीही अठरा वर्षांखालील मूल देशाबाहेर जाणार असेल तर दुसऱ्या पालकाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश व्हिसा अधिकारी मागतातच, आणि मागावाही. भारत १९८० च्या हेग बालअपहरण कराराचा पक्ष नाही, त्यामुळे मूल एकदा बाहेर गेले की वडिलांपाशी त्वरित उपाय फारसा उरत नाही. त्यांच्या मनातील भीती खोटी नव्हती.

नोटरीसमोर केलेले संमतीपत्र स्वस्त आणि जलद होते. परंतु ते उद्या मागे घेता येते, आणि २०१७ च्या हुकूमनाम्यातील भेटीचा हक्क त्याने बदलत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार ताब्याविषयीचे आदेश पुढे बदलून घेता येतात. त्याच न्यायालयात अर्ज करायचा, पण शक्य तो दोघांच्या सहीने, असे ठरले.

वडिलांनी सुरुवातीस नकार दिला. नकाराचे कारण मुलगा जाणार हे नव्हते. त्यांना ही गोष्ट एका भाच्याकडून कळली होती. पत्नींच्या भावाने दोनदा घरी जाऊन बोलणे केले, तेव्हा तडजोडनामा झाला : आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, वर्षातून एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला पंधरा दिवस वडिलांकडे पाठवणे, तिकिटाचा खर्च आईकडे. उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी न्यायालयाने त्यानुसार आदेश दिला आणि त्याच्या प्रमाणित प्रतीवर पुढे अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण, करून घेतले.

मुलगी सज्ञान असल्याने तिच्यासाठी वडिलांच्या संमतीचा प्रश्न नव्हता. तिच्या स्वतःच्या इच्छेचा मात्र होता. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती आणि पदवी पूर्ण करूनच यायचे, असे तिचे म्हणणे. पदवीची शेवटची परीक्षा २०२६ च्या उन्हाळ्यात, एकविसावा वाढदिवस त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. मधल्या तीन-चार महिन्यांत कागद, अर्ज आणि निर्णय बसवणे म्हणजे शिक्षणही हातचे जाण्याचा आणि हक्कही निसटण्याचा धोका होता. एकवीसनंतरही येता येते, पण मग अवलंबित्व सिद्ध करावे लागते. तिने विचार करायला वेळ घेतला आणि आईबरोबरच अर्ज करण्यास तयार झाली.

अर्ज आणि एक नकार

तिघांचे अर्ज २०२४ च्या उन्हाळ्यात एकत्र दाखल झाले. युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा निःशुल्क असतो आणि तो शक्य तितक्या लवकर, त्वरित प्रक्रियेने द्यावा असे निर्देशाचे कलम ५ सांगते. चार आठवड्यांहून अधिक विलंब वाजवी नाही, असे युरोपीय आयोगाच्या २००९ च्या मार्गदर्शनात म्हटले होते. प्रत्यक्षात उत्तर यायला त्याहून जास्त वेळ लागला.

या टप्प्यावर गोव्यातील ओळखीच्या एकाने विवाहाची नोंद आधी पोर्तुगालमध्ये करून घ्या, त्याशिवाय युरोपात तो ग्राह्य धरत नाहीत, असे ठामपणे सांगितले होते. ती नोंद करणे इष्ट आहे, परंतु तिच्यासाठी थांबणे आवश्यक नव्हते. जगात कोठेही वैधपणे झालेला विवाह या निर्देशासाठी तत्त्वतः मान्य करावा, हीच आयोगाची भूमिका आहे. अपोस्टिल केलेले विवाह प्रमाणपत्र, एकमेकांना भेटल्याचे पुरावे आणि पतींच्या नोकरीचे व भाडेकराराचे कागद जोडून अर्ज दिला, आणि विवाहावर प्रश्न आला नाही.

ऑगस्टमध्ये पत्नी आणि मुलाचा व्हिसा मंजूर झाला. मुलीचा नाकारला गेला. कारण : आईशी असलेले नाते कागदपत्रांवरून सिद्ध होत नाही.

मुलीच्या जन्मदाखल्यावरील आईचे नाव आणि आईच्या पासपोर्टवरील नाव वेगळे होते. केवळ आडनाव नव्हे, पहिले नावच वेगळे. महाराष्ट्रातील वाचकाला याचे कारण ओळखायला वेळ लागणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी झाले. आजोबांनी ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करताना लेकीचे नाव सांगितले ते माहेरचे, त्यांना सवयीचे असलेले. सासरी मात्र लग्नात नाव बदलले होते, आणि पुढे रेशनकार्ड, बँक, आधार, घटस्फोटाचा हुकूमनामा सगळीकडे तेच बदललेले नाव गेले. मुलाचा जन्म सासरच्या गावी झाल्याने त्याच्या दाखल्यावर तेच नाव होते आणि म्हणून त्याचा अर्ज अडला नाही. पासपोर्टवर तेच पहिले नाव, दुसऱ्या विवाहानंतरचे आडनाव. परदेशी अधिकाऱ्याच्या समोर दाखल्यात मुलीची आई म्हणून एक बाई होती आणि अर्जात पतींची पत्नी म्हणून दुसरीच. नकार कागदांच्या आधारे चुकीचा म्हणता येणार नाही.

तिसरा निर्णय : थांबायचे की निघायचे, आणि दाद कशी मागायची

आयर्लंडमध्ये शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात. मुलाला शाळेत जागा मिळाली होती आणि व्हिसाला मुदत होती. सगळ्यांनी थांबावे असे आईला वाटत होते. मुलीनेच आग्रहाने दोघांना पाठवले. तिला दुसऱ्या वर्षाची परीक्षा देता येणार होती, हे तिच्या आग्रहामागचे एक कारण असावे. मुलगी आजीकडे राहिली. ज्या व्यवस्थेमुळे इंग्लंडचा पर्याय नाकारला होता तीच काही महिन्यांसाठी स्वीकारावी लागली, फरक इतका की या वेळी तिचा हक्क शाबूत होता.

पुढचा प्रश्न होता नव्याने अर्ज करायचा की अपील. नवा अर्ज कदाचित लवकर निकाली निघाला असता, पण जुना नकार नोंदीत तसाच राहिला असता. अपील निःशुल्क होते, नकारापासून दोन महिन्यांच्या आत करायचे होते आणि ते एकदाच करता येते. म्हणून घाई न करता मुदतीतील वेळ पुरावे जमवण्यात घालवला.

येथे एक मोह टाळावा लागला. ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुरुस्ती करून घेण्याची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे, आणि गावात सगळे ओळखीचे असल्याने ती सहज झाली असती. परंतु नकारानंतर दुरुस्त केलेला दाखला पाहून अधिकाऱ्याने तो का दुरुस्त केला, असे विचारले असते, आणि विचारणे योग्यच ठरले असते. शिवाय मूळ नोंद चुकीची नव्हतीच; ते नाव खरेच त्या बाईंचे होते. नोंद तशीच ठेवायची आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायचे, असे ठरले. राजपत्रात नावबदलाची जाहिरात दिली गेली, पण तिच्यावर भिस्त ठेवली नाही. आज केलेली घोषणा आज केलेली घोषणाच असते. वजन होते ते वाद निर्माण होण्याच्या आधीच्या कागदांना.

असे कागद सापडले. आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि जन्मतारीख होती, आणि ती तारीख पासपोर्टशी जुळत होती. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात केवळ सासरचे नाव होते. परंतु २०१७ च्या मूळ अर्जाची नक्कल न्यायालयाच्या अभिलेख कक्षातून काढली तेव्हा तिच्या दुसऱ्याच परिच्छेदात विवाहापूर्वीचे नाव आणि विवाहानंतरचे नाव दोन्ही लिहिलेले निघाले, आणि दोन्ही मुलांची नावे व जन्मतारखाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या आईचे नाव छापलेले असते. मुलीच्या गुणपत्रिकेवर ते सासरचे होते. एकीकडे जन्मदाखला मुलीला आईच्या माहेरच्या नावाशी जोडत होता, दुसरीकडे गुणपत्रिका तिला सासरच्या नावाशी जोडत होती, आणि न्यायालयातील अर्ज त्या दोन नावांना एका व्यक्तीत आणत होता. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतले. त्यावर एका पानाचे निवेदन जोडले : कोणते नाव कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या कागदावर, आणि लग्नात वधूचे नाव बदलण्याची रीत काय आहे. डीएनए तपासणीचा पर्याय राखून ठेवला होता. त्याची वेळ आली नाही.

निष्पत्ती

२०२५ च्या मार्चमध्ये अपील मान्य झाले. मुलीने दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि व्हिसाच्या मुदतीत ती आयर्लंडला पोहोचली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आयर्लंडमध्ये पोहोचल्यावर प्रत्येकाने निवासासाठी स्वतंत्र अर्ज करायचा असतो आणि निर्देशानुसार सहा महिन्यांत रेसिडेन्स कार्ड द्यावे लागते. अर्ज दाखल झाल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर पत्नींनी एका वृद्धाश्रमात काम सुरू केले. पुढे दोघींना पाच वर्षांची कार्डे मिळाली. मुलगा शाळेत रुळला. वयाच्या बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण देशाबाहेर झालेले असल्याने त्याला आयरिश भाषेच्या विषयातून सूट मिळाली, याचा त्याला विशेष आनंद झाला.

मुलीचे चित्र संमिश्र आहे. उच्च शिक्षणातील शुल्कमाफीसाठी आधीच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे युरोपीय क्षेत्रात वास्तव्य असावे लागते, त्यामुळे लगेच विद्यापीठात जाणे परवडणारे नव्हते. ती अर्धवेळ काम करते आणि लेखापालनाचा एक स्थानिक अभ्यासक्रम पूर्ण करते आहे. एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या हक्काचा आधार वयावरून अवलंबित्वावर सरकतो. कायम वास्तव्याचा हक्क पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर येतो, आणि तोवर तिने पूर्ण स्वावलंबी होऊन वेगळे बिऱ्हाड केले तर प्रश्न उपस्थित होऊ शकतो. रेयेस खटल्यात, सी-४२३/१२, युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे की एकवीस वर्षांवरील अपत्याला नोकरी मिळण्याची शक्यता आहे, एवढ्याने त्याचे अवलंबित्व नाकारता येत नाही. तो निकाल आश्वासक आहे, पण प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगारावर तो सगळे उत्तर देत नाही. म्हणून घरभाडे, शुल्क आणि दैनंदिन खर्च पती-पत्नी देतात याची बँकेतील नोंद ठेवली जात आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा विलंब नावांमुळे झाला, आणि तो टाळता येण्याजोगा होता. अर्जापूर्वी प्रत्येक कागदावरील आईचे नाव एका तक्त्यात मांडले असते तर विसंगती दहा मिनिटांत दिसली असती. आपल्याकडे वडिलांचे नाव तपासण्याची सवय असते, कारण ते मधोमध छापलेले असते. या प्रकारच्या अर्जात मात्र वडिलांचे नाव जवळजवळ निरुपयोगी आणि आईचे निर्णायक. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची केवळ शेवटची दोन पाने जोडण्याची पद्धतही यात नडली. संपूर्ण अभिलेख पहिल्याच वेळी काढला असता तर निवेदन मूळ अर्जालाच जोडता आले असते.

इंग्लंडचा पर्याय सोडल्याबद्दल पतींना अधूनमधून खंत वाटते; त्यांचे वेतन थोडे वाढले, पण भाडे त्याहून वाढले. मुलगी दहावीत असती तर सल्ला वेगळा असता का? बहुधा हो. दोन्ही मुले अठराच्या आत आणि उत्पन्न जुन्या मर्यादेच्या वर असताना, दहा वर्षांची नोकरी सोडून देश बदला असे सांगणे कठीण गेले असते. एका व्यक्तीच्या वयाने येथे चौघांचा देश ठरवला.

वडिलांशी बोलणे अर्जाच्या विचाराबरोबरच सुरू व्हायला हवे होते, भाच्याकडून बातमी पोहोचण्याआधी. आणि तडजोडनामा लिहिताना कोणीही आयर्लंडच्या शाळांचे वेळापत्रक पाहिले नाही. आदेशात ‘मे महिन्याची सुट्टी’ असे आहे. तेथे माध्यमिक शाळांची सुट्टी जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत असते आणि मे हा परीक्षांच्या तयारीचा महिना. पहिल्या वर्षी वडिलांनी समजून घेतले. त्यानंतर दोघांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, न्यायालयात दाखल करून ‘मे’ ऐवजी ‘शाळेच्या उन्हाळी सुट्टीत’ असा बदल करून घेतला.